स्टेंटनंतरच्या गोळ्या : कोणाला किती दिवस, आणि रक्त जात असेल तर काय?



मागच्या हंगामात तोडीची तारीख विचारायला म्हणून एक तरुण सभासद गट ऑफिसात आला. तारखेचे बोलणे झाल्यावर तो उठेना. मग त्याने हातातली प्लॅस्टिकची पिशवी आमच्यापुढे टेबलावर उलटी केली. गोळ्यांच्या सात पट्ट्या, दोन घड्या घातलेले डिस्चार्ज कार्ड आणि रक्त तपासणीचा एक चुरगळलेला कागद.

"तात्यांना स्प्रिंग बसवून दीड महिना झाला. परवापासून शौचाला काळंशार होतंय. उठलं की अंधारी येती. गावातले म्हणत्यात रक्त पातळ झालं, गोळ्या बंद करा. करू का?"

आम्ही डॉक्टर नव्हे. या पानावर आम्ही जे लिहितो ते वाचून, जाणत्यांना विचारून लिहितो. त्या दिवशी आम्ही एवढेच केले की कार्डावरच्या नंबरला तिथूनच फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "आत्ताच्या आत्ता घेऊन या, आणि सगळ्या पट्ट्या बरोबर आणा. घरी काही बंद करू नका, पण आणायला उशीरही करू नका."

तात्या वाचले. पण त्याच्या आदल्या वर्षी दुसऱ्या एका सभासदाची गोष्ट उलटी झाली होती. स्टेंट बसवून तीन आठवडे झाले होते. दाढ काढायची म्हणून कोणालाही न विचारता त्यांनी दोन्ही गोळ्या बंद ठेवल्या. सहाव्या दिवशी पहाटे छातीत कळ आली. चांदणी चौक ओलांडायच्या आत सगळे संपले.

एकाला गोळ्यांनी रक्त गेले, दुसऱ्याचा गोळ्या सोडल्याने जीव गेला. तेव्हा "गोळ्या घ्याव्यात की सोडाव्यात" असा सवालच चुकीचा आहे. कोणाला, कोणती, किती दिवस, हा खरा सवाल. या लेखात तोच नीट समजून घेऊ. विषय थोडा किचकट आहे, पण ऊसबिलातल्या कपाती समजून घेणाऱ्या माणसाला हा जड जाणार नाही.

स्प्रिंग म्हणजे काय आणि गोळी कशासाठी

हृदयाच्या स्नायूला रक्त पोचवणाऱ्या ज्या बारीक रोहिण्या असतात, त्यांत चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. पाटात गाळ बसला की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, तसेच. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी मनगटी नव्हे तर मांडीच्या रोहिणीतून नळी घालून, टोकाचा फुगा फुगवून असा अडथळा प्रथम दाबून बसविला. पण फुग्याने उघडलेली वाट कधी कधी पुन्हा मिटे. म्हणून १९८६ साली फ्रान्समधील तुलूझ येथे डॉ. जॅक पुएल आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथे डॉ. उलरिख सिगवार्ट यांनी तिथे धातूची जाळीदार नळी कायमची बसविली. हाच स्टेंट. आपण त्याला स्प्रिंग म्हणतो.

आता गोम इथे आहे. धातू ही शरीराला परकी वस्तू. रक्तात प्लेटलेट म्हणजे बिंबिका नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. जखम झाली की ते धावत येऊन एकमेकांना चिकटतात, गुठळी धरते आणि रक्त थांबते. हीच त्यांची नोकरी. पण त्यांना जखम आणि स्टेंट यांतला फरक कळत नाही. उघडी तार दिसली की तिच्यावरही ते गोळा होतात. तीन-साडेतीन मिलिमीटरच्या वाटेत गुठळी झाली की रक्त पूर्ण बंद, आणि तो झटका पहिल्यापेक्षा भारी असतो. हळूहळू आतल्या अस्तराची पातळ साय तारेवर चढते, तार झाकली जाते आणि धोका उतरतो. हे व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. सर्वांत वाईट काळ पहिल्या महिन्याचा.

तोवर बिंबिकांना आवर घालायला दोन गोळ्या देतात. एक ॲस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅम. दुसरी क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक. दोन्ही वेगवेगळ्या दारांनी बिंबिकेला अडवतात, म्हणून दोन. लोक यांना सरसकट "रक्त पातळ करायच्या गोळ्या" म्हणतात. खरे तर रक्त पातळ वगैरे काही होत नाही; गुठळी धरायला उशीर होतो, इतकेच. दुधात विरजण कमी पडले की दही उशिरा लागते, तसे समजा.

बिंबिकेचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ज्या बिंबिकेला लागते ती मरेपर्यंत कामातून जाते. म्हणून एखादा दिवस गोळी चुकली तर लगेच आकाश कोसळत नाही. आठवेल तेव्हा घ्यावी, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. पण पाच-सहा दिवस चुकल्या तर नव्या, धडधाकट बिंबिकांची फौज तयार झालेली असते. वर सांगितलेल्या सभासदाचा सहावा दिवस आठवा. टिकाग्रेलॉरची गोष्ट वेगळी. तिचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ दोनदा घ्यावी लागते, आणि संध्याकाळची विसरणारे आपल्यात पुष्कळ. या गोळीने काहींना धाप लागल्यासारखे वाटते. तसे झाले तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्यावी, आपणच सोडू नये.

किती दिवस? इथेच सगळा वाद

सुरुवातीच्या वर्षांत डॉक्टर घाबरून ॲस्पिरिन, हेपॅरिन, वॉरफरिन असे सगळे एकदम देत. स्टेंट बंद पडायचे ते पडतच, वर रक्तस्राव भयंकर. १९९५ च्या सुमारास मिलानचे डॉ. अँटोनियो कोलंबो यांनी दाखविले की स्टेंट नीट दाबून पूर्ण उघडला, तर वॉरफरिन लागत नाही, बिंबिकांवरची औषधे पुरतात. म्हणजे औषधाचे ओझे कमी झाले ते गवंडीकाम सुधारले म्हणून. पुढे औषध लावलेले स्टेंट आले. त्यांच्यामुळे वाट पुन्हा अरुंद होणे कमी झाले, पण पहिल्या पिढीच्या त्या स्टेंटवर साय चढायला उशीर लागे, म्हणून वर्षभर दोन गोळ्या असा दंडक पडला.

आज ढोबळ हिशोब असा आहे. हार्ट अटॅक येऊन स्टेंट बसला असेल तर दोन गोळ्या साधारण १२ महिने. अटॅक न येता, चालताना छाती भरून येते म्हणून तपासणीअंती बसला असेल तर साधारण ६ महिने. त्यानंतर एकच गोळी, बहुधा जन्मभर.

पण हा हिशोब सरळ जमिनीचा. ज्याच्या अंगातून रक्त जाण्याचा संभव जास्त, त्याला तोच दंडक लावला तर हृदय वाचवता वाचवता पोटातून किंवा मेंदूत रक्त जाऊन माणूस जायचा. पूर्वी अशा रुग्णाला मुद्दाम साधा, बिनऔषधाचा स्टेंट बसवीत. कारण त्याला महिनाभर दोन गोळ्या पुरत. २०१५ साली सुमारे अडीच हजार अशाच रुग्णांवर झालेल्या 'लीडर्स फ्री' नावाच्या अभ्यासाने ही समजूत मोडली. दोन्ही गटांना दोन गोळ्या एकच महिना दिल्या, आणि तरी औषधी स्टेंटवालेच जास्त सुखरूप राहिले. (आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. साधा ७,२६० रुपये आणि औषधी २९,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजलेले सभासद आम्हांला ठाऊक आहेत. एकरभर उसाचे बिल एका स्प्रिंगेत जाई!)

मग २०२१ साली 'मास्टर डॅप्ट' हा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तस्रावाचा धोका असलेले साडेचार हजारांवर रुग्ण. स्टेंटनंतरचा पहिला महिना विनातक्रार गेलेल्यांचे दोन गट पाडले. एका गटाची दोनपैकी एक गोळी तिथेच थांबवली, दुसऱ्या गटाला दोन्ही आणखी किमान दोन महिने चालू ठेवल्या. पुढच्या सुमारे अकरा महिन्यांत दखल घेण्याजोगा रक्तस्राव लवकर थांबवलेल्यांत शंभरी ६.५ जणांना, लांबवलेल्यांत ९.४ जणांना झाला. आणि मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांची बेरीज? ६.१ आणि ५.९. म्हणजे जवळजवळ सारखी. धोका वाढला नाही, रक्त मात्र कमी गेले.

हा निकाल वाचून कोणी उद्या गोळी फेकू नये. हे रुग्ण निवडलेले होते, स्टेंट एका ठराविक नव्या जातीचा होता, पहिला महिना सगळ्यांनी दोन्ही गोळ्या चुकवल्या नव्हत्या, आणि नंतरही एक गोळी चालूच होती. "महिन्यात थांबवता येते" याचा अर्थ "डॉक्टर महिन्यात थांबवू शकतात" असा आहे. पण या निकालाने एक गोष्ट झाली. "वर्षभर म्हणजे वर्षभर" असे उत्तर आता पुरत नाही, आणि रुग्णाने "माझ्या बाबतीत कमी दिवस चालतील का?" असे विचारणे हा आगाऊपणा राहिला नाही.

आपण त्या यादीत बसतो का?

२०१९ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी बसून रक्तस्रावाचा धोका मोजण्याचे निकष ठरविले. काही मोठे, काही छोटे. मोठा एक किंवा छोटे दोन लागू पडले की माणूस धोक्याच्या यादीत. सगळी यादी इथे देत नाही, आपल्या भागात दिसणारी देतो.

मोठे निकष : हिमोग्लोबिन ११ च्या खाली. बिंबिकांची संख्या एक लाखाच्या खाली. गेल्या सहा महिन्यांत दवाखान्यात दाखल करण्याजोगे किंवा रक्त चढविण्याजोगे रक्त आपोआप गेलेले असणे. पूर्वी मेंदूत आपोआप रक्तस्राव झालेला असणे. मूत्रपिंड अगदीच मंदावलेले असणे. यकृत आकसून पोटातल्या शिरा फुगलेल्या असणे, जे दारूच्या पायी आपल्याकडे चाळिशीतल्या पोरांत दिसू लागले आहे. चालू असलेला कर्करोग. आणि वॉरफरिनसारखी गोळी कायमची चालू असणे.

छोटे निकष : वय ७५ किंवा त्यावर. हिमोग्लोबिन पुरुषात ११ ते १२.९, स्त्रीत ११ ते ११.९. मूत्रपिंड मध्यम मंदावलेले. आणि अंगदुखीच्या गोळ्या किंवा स्टिरॉइड सतत चालू असणे.

आता तात्यांचा कागद काढू. वय ७६, म्हणजे एक छोटा. स्टेंटच्या आधीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४, म्हणजे एक मोठा. एवढ्यावरच ते यादीत आले. आणि त्या सात पट्ट्यांतली सहावी? डायक्लोफेनॅक. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली, गेली चार वर्षे, दिवसाला दोन. हा दुसरा छोटा. स्टेंट बसविताना डॉक्टरांनी विचारले होते, "आणखी काही गोळ्या घेता का?" तात्या म्हणाले होते, "नाही." त्यांच्या लेखी ती गोळी नव्हतीच. "ती तर दुखऱ्याची!"

बंधूंनो, आमच्या मते सगळ्या लेखाचा गाभा इथे आहे. भातलावणीला कंबर वाकवून दहा-दहा दिवस चिखलात उभे राहणारी कोळवण खोऱ्यातली बाई असो की मोळ्या डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारा तोडकरी असो, दुखऱ्याची गोळी ही आपल्याकडे चहासारखी झाली आहे. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नाव कोणतेही असो. ही जात पोटाचे आतले संरक्षक अस्तर कमकुवत करते. ॲस्पिरिन तेच करते. त्यावर क्लोपिडोग्रेल म्हणजे बांध फुटला तर तो बुजवणारे मजूरही सुट्टीवर. शिवाय आयबुप्रोफेन ॲस्पिरिनच्या आधी घेतली तर ती ॲस्पिरिनची जागा अडवून बसते. म्हणजे हृदयाचे रक्षणही गेले आणि पोटही गेले. अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावी, शेकावे, मलम चोळावे. आणि कंबरेत खुपसायची ती "दोन्ही इंजेक्शनं" या गोळ्या चालू असताना घेऊ नयेत. स्नायूत रक्त साकळून संत्र्याएवढी गाठ येऊ शकते.

तात्यांचे पुढे काय केले

दुर्बीण घालून पाहिले तर जठराच्या खालच्या तोंडाशी अल्सर. दुर्बिणीतूनच रक्त थांबविले, दोन पिशव्या रक्त चढविले. मग डॉक्टरांपुढे आपलाच प्रश्न होता : बंद काय करायचे? त्यांनी डायक्लोफेनॅक कायमची बंद केली. ॲस्पिरिन थांबविली. क्लोपिडोग्रेल मात्र चालू ठेवली. स्टेंट दीड महिन्याचा होता, अटॅक न येता बसविलेला होता, तेव्हा एका गोळीवर निभावेल असा त्यांचा अंदाज. पोटासाठी पॅन्टोप्राझोल लावली. पोटात अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू असतो, त्याची तपासणी केली. तो निघाला, त्यावर चौदा दिवसांचे औषध दिले. आणि हिमोग्लोबिन आधीपासूनच का कमी, याचा शोध घेतला. जंत, लोहाची कमतरता, मूळव्याध, आणि या वयात आतड्याचा कर्करोग नाही ना, हे पाहावे लागते.

पोटाच्या गोळीबद्दल एक बारकी गोष्ट. क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ती निव्वळ कच्चा माल असते. यकृतात तिचे औषधात रूपांतर होते, उसाचा रस गेल्याशिवाय साखर नाही तसे. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल या आम्लपित्ताच्या गोळ्या यकृतातल्या त्याच यंत्राला अडवतात. म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर पॅन्टोप्राझोल बरी. दुकानदार "ओमेझ घ्या, एकच आहे" म्हणाला तर ऐकू नये. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांत हे यंत्र जन्मतःच मंद चालते, त्यात आणखी अडथळा नको.

आणि तात्यांच्या सातव्या पट्टीची गंमत राहिली. गंमत कसली! एक कॅप्सूल होती, तिच्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचे औषध असे तीन एकत्र. आणि वेगळ्या नावाच्या पट्टीत पुन्हा क्लोपिडोग्रेल. एका दुकानात एक नाव मिळाले नाही म्हणून दुसऱ्याने दुसरे दिले, घरी दोन्ही सुरू. पट्टीवरचे मोठे नाव कंपनीचे असते. औषधाचे नाव खाली बारीक अक्षरात असते, ते वाचावे किंवा शाळेतल्या नातवाकडून वाचून घ्यावे. जनऔषधी दुकानातली स्वस्त गोळी चालते; पण तीच दोनदा चालत नाही.

ज्यांना तिसरी गोळीही लागते

काही सभासदांचे हृदय अनियमित धडधडते. त्यामुळे हृदयाच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ नये म्हणून वॉरफरिन, ॲसिनोकुमरॉल किंवा अपिक्साबानसारखी गोळी आधीच चालू असते. ही बिंबिकांवर नाही, रक्त गोठवणाऱ्या दुसऱ्या यंत्रणेवर काम करते.

वॉरफरिनचा जन्म गोठ्यात झाला, हे गुरे पाळणाऱ्यांनी ऐकण्याजोगे आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मॅडिसनच्या शेतकी प्रयोगशाळेत आला. गाडीत मेलेली कालवड, आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचे रक्त, जे गोठतच नव्हते. त्याच्या गुरांनी बुरशी आलेला मेथीघासाच्या जातीचा वाळका चारा खाल्ला होता. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने काही वर्षे खपून त्या चाऱ्यातले द्रव्य वेगळे काढले. त्याच्याच वंशातले वॉरफरिन १९४८ साली आधी उंदीर मारायला बाजारात आले, आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झाले. घुशींच्या औषधाला आपल्या कपाटातल्या गोळीचा चुलता म्हणायला हरकत नाही.

अशा माणसाला स्टेंट बसला तर तीन गोळ्या होतात, आणि तीन गोळ्या फार दिवस म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. २०१९ च्या 'ऑगस्टस' अभ्यासानंतर रीत अशी पडली : तिन्ही एकत्र फक्त सुरुवातीचे दिवस, बहुधा आठवडाभर, मग ॲस्पिरिन गाळायची, क्लोपिडोग्रेल आणि ती मूळची गोळी सहा ते बारा महिने, आणि पुढे मूळची एकटीच. अपिक्साबानसारख्या नव्या गोळ्यांत वॉरफरिनपेक्षा रक्तस्राव कमी. मात्र ज्यांची झडप लहानपणच्या संधिवाताच्या तापाने आकसली आहे, किंवा धातूची बसविली आहे, त्यांना वॉरफरिनच्याच जातीची गोळी लागते. त्यांनी रक्ताची आयएनआर तपासणी चुकवू नये. एक आठवडा रोज पालक-मेथी आणि दुसरा आठवडा अजिबात नाही, असे करू नये. पालेभाजीने या गोळीचा अंमल कमी होतो. खावी, पण रोज साधारण तेवढीच.

दाढ, मोतीबिंदू, हर्निया

दाढ काढायला दोन्ही गोळ्या बंद कराव्या लागतात, ही समजूत त्या सभासदाच्या जिवावर आली. साधी एखादी दाढ गोळ्या चालू ठेवूनच काढतात. रक्त जरा जास्त वेळ झिरपते. बोळा घट्ट धरून ठेवावा लागतो, कधी टाका घालतात. मोतीबिंदूचेही सहसा तसेच. शिबिराच्या गाडीत बसण्याआधी कोणी "पाच दिवस गोळ्या बंद करून या" म्हणाले, तर स्टेंट बसविणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. हर्निया, प्रोस्टेट, गुडघा ही कामे थांबणारी आहेत. स्टेंटनंतर सहा महिने, अटॅक आला असेल तर शक्यतो वर्षभर, ती पुढे ढकलावीत. पहिल्या महिन्यात तर नकोच. थांबण्यासारखे नसेल तर सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. बहुतेक वेळा ॲस्पिरिन चालू ठेवून दुसरी गोळी काही दिवस थांबवतात.

शेतातले सांगायचे तर विळा-कोयता लागला की फडके घट्ट दाबून दहा-पंधरा मिनिटे धरावे, मधे मधे उघडून बघू नये. नाकातून रक्त आले तर मान मागे न टाकता पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत तेवढाच वेळ धरावा. हिरड्यांतून थोडे येणे, कातडीखाली निळे डाग पडणे, याने घाबरून गोळी सोडू नये. पुढच्या भेटीत सांगावे. घोणस किंवा फुरसे चावले तर मात्र डॉक्टरांना पहिल्या वाक्यात या गोळ्यांचे सांगावे. ते विषच रक्त गोठू देत नाही.

आणि वाट न बघता निघायचे ते कधी? शौच काळे, चिकट, दुर्गंधीचे, थेट आपल्या कारखान्याच्या मळीसारखे दिसले तर. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते, पण ते मळीसारखे चिकट नसते. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही आले तर. अचानक कधी नव्हे इतके डोके दुखले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर. डोक्याला मार लागला तर, वरून जखम नसली तरी. उभे राहताच अंधारी आणि घाम आला तर. आणि छातीत पुन्हा ती ओळखीची कळ आली तर. १०८ ला फोन करावा. धरणभागातल्या मंडळींनी पुण्याचे मोठे नाव शोधत बसण्यापेक्षा गाडीतूनच पौडच्या ग्रामीण रुग्णालयाला कळवावे, सुरुवातीचे उपचार तिथे होतील.

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. घरी आल्यावर वहीच्या एका पानावर मराठीत एवढे लिहून घ्यावे : स्टेंट कोणत्या तारखेला बसला, किती बसले, अटॅक आला होता की नव्हता, कोणत्या दोन गोळ्या, आणि दुसरी गोळी कोणत्या तारखेला थांबवायची, स्टेंटच्या वेळचे हिमोग्लोबिन, डॉक्टरांचा नंबर. थांबवायची तारीख कार्डावर नसेल तर निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. सहा महिन्यांनी थांबवायची गोळी कोणी सांगितले नाही म्हणून चार-चार वर्षे घेत असलेले लोक आम्ही पाहिले आहेत. हे पान कपाटात नको, ज्याच्या खिशात मोबाइल असतो त्याच्याकडे फोटो काढून ठेवावे. दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन तपासावे. ते दोनने उतरले आणि बाहेर रक्त दिसले नाही, तर आत कुठेतरी झिरपते आहे असे धरून चालावे.

तात्यांच्या स्टेंटला या महिन्यात नऊ महिने होतील. हिमोग्लोबिन १२.१ वर आले आहे. दिवसाला एक क्लोपिडोग्रेल आणि एक पॅन्टोप्राझोल चालू आहे. गुडघा दुखतोच. परवा वजनकाट्यापाशी भेटले तेव्हा म्हणाले, "दुखतं, पण आता पोरगं दुकानात जाऊ देत नाही."